लाइन म्हणजे काय?

अकोल्यात एकट्या मुलीने भाड्याची खोली शोधायला निघावं आणि घरमालकांनी काय काय विचारावं, हे मला एव्हाना पाठ झालं होतं. गाव कोणतं, आडनाव काय, म्हणजे नेमके कोण, लग्न कधी करणार, खाण्यापिण्याचं काय, भेटायला कोण कोण येणार. दोन-तीन घरांतून मी पाणी पिऊन परत आले होते. स्टेशनच्या पलीकडच्या कॉलनीत एका घराच्या ओट्यावर पायजमा आणि बाह्यांची बनियन घातलेले एक उंच, वाळके गृहस्थ कूलरमध्ये बादलीने पाणी ओतत होते. मी खोलीचं विचारलं. त्यांनी माझं गाव विचारलं नाही, आडनावही विचारलं नाही.

"काय करता?"

"गणित शिकवते. कोचिंग क्लासमध्ये."

त्यांनी बादली खाली ठेवली. "मंग सांगा, लाइन म्हणजे काय?"

मी अमरावतीची. आमच्याकडे लाइन म्हणजे वीज. ती असते किंवा गेलेली असते. मी म्हटलं, "आत्ता आहे की. कूलर चालू आहे ना."

"ते नाई वं. इंग्रजी शब्द. लाइन म्हणजे काय?"

ऊन मी म्हणत होतं आणि मला फक्त खोली हवी होती. मी क्लासमध्ये सांगते ते सांगून टाकलं. "जिला लांबी असते पण जाडी नसते ती."

त्यांनी माझ्याकडे फार कीव आल्यासारखं पाहिलं. "ज्यानं हे लिवलं त्यानं जिंदगीत कधी वावर पाह्यलं नसन," ते म्हणाले, आणि आत तोंड करून ओरडले, "अवं, ऐकलं का, यायले वरची खोली दाखव!"

माझं उत्तर त्यांच्या मते साफ चुकीचं होतं, आणि खोली मला मिळाली ती त्याच्याचमुळे. हे पुढे काकूंनी सांगितलं. काकू म्हणजे त्यांची बायको. ज्यांनी "लाइन म्हणजे ओळ" असं सांगितलं त्यांना सरांनी पाणी देऊन वाटेला लावलं होतं. "माहीत नाही" म्हणणारेही गेले. सरांना वर्षानुवर्षं भांडता येईल असा भाडेकरू हवा होता.

सगळे त्यांना सर म्हणायचे, म्हणून मीही सर म्हणू लागले. शाळेत इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले होते. त्यांच्या हाताखालून गेलेले अर्धे लोक अजून इंग्रजीत अर्ज लिहायचा म्हटलं की घाम पुसतात. पण भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत कोणालाही 'लाइन' शब्दाबद्दल विचारा, तो तुम्हाला रोमपर्यंत नेऊन आणेल. कारण सर वर्ष कोणतंही असो, वर्ग कोणताही असो, मुख्यतः तो एक शब्द शिकवत. त्यांचं म्हणणं असं, "भाषा म्हणजे काही बाजार नाई, का थैली घेतली आन जे दिसन ते भरून आनलं. एक शब्द धरा. त्याच्या घरी जा. चहा प्या. तुमचे वडील कोन, आजे कोन, मूळ गाव कोनतं, असं इचारा. मंग तो तुमचा होते." माणसाला आपण हे सगळं पहिल्या भेटीत विचारतो हे खरं. शब्दाला विचारणारे मला सरच भेटले.

आता हा शब्द त्यांनी निवडला तोही असा, की आमच्या भागात सकाळी उठल्यापासून त्याच्यापासून सुटका नाही. रेशनला लाइन लागते, पोलीस लाइनीत राहतात, वाया गेलेला पोरगा लाइनीवर येतो, गवंडी लाइनदोरी लावतो, कॉलेजात मुलं लाइन मारतात आणि त्यातल्याच एखाद्याला मुलगी द्यायची वेळ आली की त्याच्या बापाला विचारतात, मुलगा कोणत्या लाइनीत आहे. यातला एकही वापर सरांच्या कानावरून तसाच गेला नाही. बोलणाऱ्याचा दंड धरून ते त्याला थांबवत. "आता तू काय म्हनला? थांब. हे लाइन कोठून आली माहीत हाय का तुले?" कॉलनीत लोक त्यांच्या घरावरून जाताना 'रांग', 'धंदा', 'वीज' असले शब्द जपून वापरत. इतकं शुद्ध मराठी अकोल्यात दुसरीकडे कुठे बोललं जात असेल असं मला वाटत नाही.

सगळ्यात जास्त हाल वीज मंडळाच्या लाइनमनचे. एका मे महिन्यात भरदुपारी वीज गेली. अकोल्याचा मे म्हणजे भिंतीला पाठ टेकवता येत नाही असा. कॉलनीतली सगळी माणसं ओट्यावर येऊन, बनियनी वर करून, वर्तमानपत्रांनी वारा घेत होती. लाइनमन शिडी घेऊन आला, आणि खांब नेमका सरांच्या दारात. सरांनी त्याला सावलीत बसवलं, माठातलं पाणी दिलं, चहा टाकायला सांगितला आणि म्हणाले, "बाप्पा, तुह्या नावातच लाइन हाय. आन तुले तिचं मूळ माहीत नसावं?" शेजारचे काका कुंपणावरून ओरडले, "सर, त्याले आधी खांबावर चढू द्या हो! मूळ उतरल्यावर सांगा!" लाइनमन मात्र मजेत होता. उन्हात खांबावर चढण्यापेक्षा रोमन लोक बरे. तो मधूनमधून "मंग काय झालं सर?" असं विचारायचा, आणि मग सरांना कोण आवरणार. वीज आली तेव्हा काकू दुसऱ्यांदा चहाची भांडी विसळत होत्या.

काकूंबद्दल सांगायला हवं. त्या अमरावतीजवळच्या भातकुलीकडच्या, सरांच्या गावच्या शेजारच्या गावातल्या. ठेंगण्या, फटकळ, आणि नवऱ्याच्या या वेडाकडे सर्दीकडे पाहावं तसं पाहणाऱ्या. एकदा सर मला या शब्दाचा सगळा गोतावळा समजावून देत होते. कोटाच्या आतलं अस्तर ते लायनिंग, ते त्याच घराण्यातलं. फरशीवर अंथरतात ते लिनोलियमही त्यातलंच. मग ते अडखळले, चष्मा काढून पुसू लागले. "आनखी एक शब्द हाय त्याच घरातला. बायकायच्या कपड्याचा. तो तुमाले काकू सांगन."

आतून आवाज आला, "मले नका लावू त्या कामाले."

मी वर जाऊन मोबाइलवर पाहिलं तेव्हा मला उलगडा झाला. लाँजरी, म्हणजे बायकांचे आतले कपडे. पुढचे दोन दिवस सर माझ्याशी बोलताना तुळशीकडे बघत होते.

आणि हे सगळं घराणं निघालं कुठून, तर जवसातून. सरांच्या सगळ्या व्याख्यानाचा शेवट इथे होई. हा शब्द ते आवाज खाली आणून, समोरच्याला जवळ ओढून सांगत. फार जुन्या काळी रोमकडचे लोक जवसाच्या काड्यांचा धागा काढत. त्या झाडाचं त्यांचं नाव लिनम. त्या धाग्याची ती लिनिया. धागा ताणला की सरळ होतो, म्हणून जे जे सरळ ते सगळं लाइन. मग ती इंग्रजांकडे गेली, त्यांनी रूळ टाकले, तारा ओढल्या, आणि लाइन हिंडत हिंडत अकोल्याला आली. "आन इकडे जवस कोठी हाय?" सर विचारत. "काकूच्या चटनीत! जगभर फिरून लाइन आपल्या घरी आली, आन आपन तिले भाकरीसंगं खाऊन राहिलो!"

"एवढं कळलं ना?" काकू म्हणत. "मंग कुटून द्या."

मीही कधी हार मानली नाही. मी म्हणायची, सर, धाग्याला जाडी असते, रेषेला नसते. तुमचा धागा कितीही बारीक करा, माझी रेषा त्याच्याहून बारीक. ते चिडत. असली रेषा कुठे पाहिली का तुम्ही, असं विचारत. पाहता येत नाही, तिची कल्पना करावी लागते, असं मी म्हटलं की ते म्हणत, "मंग तिच्यासाठी कोनी भांडत बी नसन. सुखी हाय तुमची रेषा." हे वाक्य ते का म्हणतात ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

त्यांच्या मनात एक सल होता. जन्मभर जवसाच्या धाग्याचं सांगितलं, पण धागा काही कधी पाहिला नाही. आपल्याकडचा जवस बुटका, तो दाण्यासाठी पेरतात. त्याच्या काडीतून धागा काढायचा कोणाच्या डोक्यातही येत नाही. हिवरखेडच्या एका जुन्या विद्यार्थ्याने गुरुदक्षिणा म्हणून गोणीभर काड्या आणून दिल्या तेव्हा सरांनी त्या काड्या लग्नघरात नवरीचा आहेर उतरवून घेतात तशा उतरवून घेतल्या. धागा सुटायला काड्या पाण्यात कुजवाव्या लागतात असं त्यांनी कुठे तरी वाचलं होतं. पाण्यात कुजवायच्या, आणि तेही अकोल्यात. तिथे नळ आला की लोक एकमेकांना फोन करून कळवतात आणि कामावरून घरी पळतात.

सरांनी कोणालाही न सांगता काड्यांची मोळी बांधून अंगणातल्या मोठ्या सिमेंटच्या टाकीत सोडली. त्या टाकीचं पाणी मोटर लावली की वर माझ्या खोलीत यायचं.

आधी वास बारीक होता. मग तो कॉलनीभर झाला. प्रत्येकाला वाटे शेजाऱ्याकडे उंदीर मेला. बायकांनी कपाटं ओढली, पुरुष गच्चीवर जाऊन आले, शेजारच्या काकांनी गटाराची झाकणं उघडून पाहिली. आणि या सगळ्या शोधात सर पुढे! हातात काठी, नाकाला रुमाल. महापालिका झोपली आहे, निवेदन द्यायला पाहिजे, असं ते मनापासून बोलत होते. ढोंग नव्हतं ते. काड्या टाकीत टाकल्याचं त्यांच्या ध्यानातून पार गेलं होतं. माझ्या नळाला चहाच्या रंगाचं पाणी आलं तेव्हा मी खाली येऊन टाकीचं झाकण उघडलं, आणि किंचाळले. काकूंनी पदर खोचून ती मोळी काढली. सर टाकीच्या काठावर धावत आले, मोळीला हात लावला आणि ओरडले, "सुटला! अवं, धागा सुटला!"

"तुमच्या लाइनीनं माह्यं सारं पानी नासवलं," काकू म्हणाल्या. "आन नळ याले अजून चार दिवस हायेत."

मग कॉलनीने बादल्या दिल्या. अकोल्यात पाण्याची बादली देणं म्हणजे काय हे तिथे राहिलेल्यालाच कळेल. देणारा दोन शिव्या देई आणि एक बादली देई. सर दोन्ही घेत आणि बदल्यात त्याला रोमची गोष्ट सांगत. वाळलेल्या काड्या त्यांनी मोगरीने बडवल्या, काकूंच्या फणीने विंचरल्या आणि उघड्या मांडीवर वळून वळून त्यातून वीतभर दोरी काढली. राठ, गाठाळ, मातकट. अजूनही वास येत होता तिला. तिची घडी करून त्यांनी बनियनीच्या खिशात ठेवली आणि तिथून पुढे ती कायम त्या खिशात असे. नवी फणी काकूंना मी आणून दिली.

धुऱ्याची गोष्ट मला काकूंनीच सांगितली, एका दुपारी चटणी कुटता कुटता. धुरा म्हणजे दोन वावरांमधली, म्हणजे शेतांमधली पट्टी, बांध म्हणा. भातकुलीजवळ खारपाणपट्ट्यात सरांचं वडिलोपार्जित शेत आहे. विहिरीचं पाणी खारं, त्यामुळे जमिनीत मुरलेल्या ओलीवर हरभरा यायचा आणि जवस. वडिलांनी जिवंतपणीच दोन मुलांत वाटणी केली होती. अर्धं सरांचं, अर्धं लहान भावाचं, म्हणजे लहान्याचं. मधल्या धुऱ्यावर वडील दर वर्षी जवस पेरायचे. त्याची फुलं निळी असतात. निळं दिसलं की दोन्हीकडच्यांनी बैल वळवायचे, असा त्या घरचा कायदा. वडील गेले. त्या वर्षी सरांना वाटलं लहान्या जवस पेरेल, लहान्याला वाटलं दादा बटईदाराला, म्हणजे वाट्याने शेत कसणाऱ्याला, सांगेल. कोणीच पेरला नाही. धुरा दिसेनासा झाला. एका वर्षी सरांच्या बटईदाराच्या ट्रॅक्टरने तो जरा कोरला, पुढच्या वर्षी लहान्याच्या ट्रॅक्टरने उरलेला कोरला, आणि दोघेही दुसऱ्याला चोर म्हणू लागले.

"मंग आमच्या पोरीचं लगीन निघालं," काकू म्हणाल्या. "सख्ख्या भावाच्या घरी सोता जाऊन अक्षत द्या लागते. हे गेले नाई. बटईदाराच्या हातानं पत्रिका धाडली. तो आला नाई. पोरीच्या हळदीले काका नव्हता, बाई. सारे पाहुने मलेच इचारत होते." त्यांनी उखळात आणखी मूठभर जवस टाकला. "आन त्या रागात यायनं सरकारी मोजनीचा अर्ज केला. आता तारीख आली. एकदा मोजनी झाली, दगड रोवले, का मंग हा म्हनन चूक मोजलं, तो म्हनन बरोबर, आन कोर्ट. कोर्टात गेलेले भाऊ मी पाह्यले. ते एकमेकाच्या मयतीलेच भेटतात."

त्यांना त्या शेतातली फूटभर जमीन नको होती. त्यांना दीर हवा होता. आणि सरांना काय हवं होतं ते सरांना विचारायची सोय नव्हती, कारण या विषयावर ते एकाच गोष्टीबद्दल बोलत, ती म्हणजे रोम.

मोजणीच्या दिवशी मी क्लासला सुट्टी टाकली. काकूंनीच सांगितलं, "तू रेषेची बाई हायेस, चाल संगं." सकाळच्या पॅसेंजरने आम्ही बडनेऱ्याला उतरलो, तिथून काळी-पिवळीने गावात. काकूंच्या मांडीवर मोठा डबा होता. भाकरी, मिरचीचा ठेचा, जवसाची चटणी. "मोजनीले डबा कायले?" सर म्हणाले. "मोजल्यावर भूक नाई लागत का?" काकू म्हणाल्या.

थंडीचे दिवस होते. शेताकडे वळलो आणि सर जागीच थांबले.

काळ्या जमिनीत दोन्हीकडे हिरवागार हरभरा होता आणि मधे निळ्या फुलांची पट्टी. ती पट्टी एकच असायला हवी होती, पण होत्या दोन. एक आमच्या बाजूला, एक पलीकडे. आणि दोन्हींच्या मधे पडीक जागा, गवत आणि काट्यांनी भरलेली, बैलगाडी आरामात जाईल एवढी रुंद.

"तिकडचं हे कोनं पेरलं?" सरांनी बटईदाराला विचारलं.

"इकळचा तुमी सांगतला ना सर. मोजनीवाले येतीन, त्याच्या आधी बाबा पेरे तसा धुऱ्यावर जवस पेर म्हने, पन आपल्या आंगाकडे सरकून पेर, कोरला म्हनून कोनी बोट नाई दाखवलं पायजे. तसा पेरला." तो डोकं खाजवत म्हणाला, "तिकळचा लहान्या भाऊनं पेरला. त्यायनं बी तसंच सांगतलं. म्हने कोरला म्हनून दादानं बोट नाई दाखवलं पायजे."

लहान्या भाऊ पलीकडच्या जवसापाशी उभे होते. सरांच्याच उंचीचे, सरांसारखेच वाळके, डोक्यावर दुपट्टा. दोन्ही भाऊ दोन निळ्या ओळींमागे उभे राहून दोन वेगळ्या दिशांना बघत होते. मी काकूंकडे पाहिलं. त्या पदराने तोंड पुसत होत्या, का हसू दाबत होत्या, ते कळलं नाही.

मोजणीवाले साहेब आले तेव्हा ऊन चढलं होतं. जवसाचं फूल सकाळचं असतं, दुपारपर्यंत पाकळ्या गळतात. दोन्ही ओळींखाली निळा सडा पडायला लागला होता. साहेब म्हणजे एक तरुण मुलगा, हातात काठीवर बसवलेलं यंत्र. "धुरा कोणता धरायचा? हा का तो?"

"माह्यी हद्द अठी," सर म्हणाले आणि आपल्या जवसाकडे बोट दाखवलं.

"साहेब, त्याईले सांगा, माह्यी हद्द तठी," लहान्या भाऊंनी आपला जवस दाखवला.

"मग हे मधलं कोणाचं?"

दोघेही एक एक पाऊल मागे सरकले.

"माह्यं नाई," सर म्हणाले.

"साहेब, त्याईले सांगा, माह्यं त बिलकुलच नाई."

साहेबाने टोपी काढून डोकं पुसलं. "अहो, अतिक्रमणाचा अर्ज आहे. अतिक्रमण केलंय कुठे?"

"ते त्याईलेच इचारा," दोघे एकदमच म्हणाले.

बिचाऱ्याने शेवटी यंत्र लावलं. पुढे गेला, मागे आला, यंत्र पीं पीं करत राहिलं. मग पडीक पट्टीत एका जागी पाय रोवून म्हणाला, "सर, लाइन इथून जाते."

मी सरांकडे पाहिलं. सरांसमोर इतक्या निर्धास्तपणे हा शब्द उच्चारून अजून कोणी सुटलं नव्हतं. सर आपल्या जवसाखालचा निळा सडा बघत राहिले. त्या जागेकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. रेषा कोणाच्या बाजूला जास्त होती ते मला दिसलं होतं. मला कोणी विचारलं नाही आणि मी कोणाला सांगितलं नाही.

आता खरं भांडण सुरू झालं. जमीन नको म्हणून. सर म्हणाले, साहेब, त्याले सांगा जवसापर्यंत घेऊन टाक. लहान्या भाऊ म्हणाले, साहेब, त्याईले सांगा मले कोनाचं दान नाई पायजे. सर म्हणाले, दान कोन देऊन राहिलं? लहान्या भाऊ म्हणाले, मंग काहून सोडून राहिले? आवाज चढले. शेजारच्या वावरातली माणसं कामं टाकून धुऱ्याशी आली. चोरीवरून इतकी वर्षं न बोललेले भाऊ आता दानतीवरून जन्माचे तुटणार अशी चिन्हं दिसू लागली. काकूंचा चेहरा उतरला. "लाव बापू ते दगड एकदाचे," त्या हळूच म्हणाल्या, कोणालाच उद्देशून नव्हे.

सरांनी खिशातून ती वीतभर दोरी काढली. "बाबाच्या जवसाची दोरी लावून मोजा," ते म्हणाले.

लहान्या भाऊंनी दोरीकडे पाहिलं. "साहेब, त्याईले सांगा, एवढ्याशा दोरीनं कालवड बी बांधल्या जात नाई."

कोणी तरी फिसकन हसलं. आणि काकू पुढे गेल्या. त्या सरळ पट्टीच्या मधोमध, साहेबाच्या त्या लाइनीवर, गवत दाबून फतकल मारून बसल्या. डबा उघडला. भाकरी काढल्या. "मले भूक लागली," त्या म्हणाल्या. "ज्याले जेवायचं त्यानं बसावं. ज्याले भांडायचं त्यानं तिकडे वावरात जाऊन भांडावं. ह्या जागेचा कोनी मालक नाई, त मले कोन उठवते पाहू."

आधी साहेब बसला. मग मी. मग सर बसले, आपल्या जवसाकडे पाठ करून. लहान्या भाऊ बराच वेळ उभे होते. काकूंनी त्यांच्याकडे न बघता एका भाकरीवर चटणी वाढली आणि ती समोरच्या मोकळ्या जागी धरली. हात तसाच धरून ठेवला. लहान्या भाऊ आले आणि बसले.

त्या पट्टीत आम्ही पाचही जण मांडी घालून, गुडघ्याला गुडघा न लागता बसलो होतो. मोजणीचे दगड आणलेल्या बैलगाडीतच राहिले. आता लहान्या भाऊंच्या न्हाणीपाशी पडले आहेत, त्यांच्यावर कपडे धुतात. त्या पट्टीत आता जवस पेरतात, तो दोन्ही घरं मिळून कापतात, आणि कोणाचा हिस्सा किती यावरून वाद नको म्हणून सगळ्याची चटणी होते. मी अकोला सोडून अमरावतीला परत आले, तरी दर वर्षी मला डबाभर येते. वर्गात फळ्यावर रेषेची व्याख्या मी अजूनही तशीच लिहिते, परीक्षेत तीच लागते. लिहिताना मला तो दिवस आठवतो आणि पोरांना वाटतं मॅडम विसरल्या.

त्या दिवशी डब्यातल्या भाकरी हातोहात संपत होत्या. लहान्या भाऊंनी दुसरी भाकरी घेतली. तिच्यावर चटणी घेतली आणि, मधे साहेब बसलेला असूनही, साहेबाला न सांगता म्हणाले, "दादा."

सरांनी मान वर केली.

"तू अकोल्यात लोकायले काईतरी सांगत असतो म्हने. लाइन म्हनजे काय, असं. आपल्या गावातले पोरं तुह्याकडे शिकून येतात, ते सांगतात. पार रोमपासून सांगतो म्हने. साऱ्या अकोल्याले सांगतलं." ते भाकरीकडे बघत होते. "मले त तू कधी सांगतलं नाई."

मी घास खाली ठेवला. आता व्याख्यान होणार होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते मला ऐकायचं होतं. सरांनी हातातला तुकडा डब्याच्या झाकणावर ठेवला. चष्मा काढला. रोम, लिनिया, रूळ, तारा, यातलं एकही त्यांच्या तोंडून निघेना.

"जवस," ते म्हणाले.

"आं?"

"जवस, लहान्या. लाइन म्हनजे जवस."

लहान्या भाऊंनी सरांकडे पाहिलं. मग मान वळवून अलीकडची ओळ पाहिली, पलीकडची पाहिली. फुलं सगळी गळून गेली होती, नुसती हिरवी झाडं उभी होती.

"एवढंच?" ते म्हणाले. "हे त बाबाले बी मालूम होतं."

सर मान हलवत राहिले. बोटं डोळ्यांना लावली, ती चटणीची होती, त्यामुळे डोळे आणखीच वाहायला लागले. काकू पाण्याची बाटली शोधू लागल्या. सरांनी तसेच मिटल्या डोळ्यांनी चाचपत चटणीचा डबा उचलला आणि भावापुढे सरकवला.